चार अंशांवरची अवकळा

भर मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, अंगात मरून रंगाचा हातविणीचा स्वेटर आणि डोक्यावर माकडटोपी घालून फिरणारा माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात मी एकच पाहिला. दुर्दैवानं तो माझा साहेब होता. काटेवाडीच्या पुढं, रस्त्याला लागून, एक दूध शीतकरण केंद्र होतं. तिथं मी शेतकऱ्यांनी आणलेल्या दुधाची फॅट तपासायचो आणि ते केंद्रप्रमुख होते. शेतकरी त्यांना साहेब म्हणत, मी सर म्हणत असे, आणि पाठीमागं आम्ही सगळेच जे म्हणायचो ते इथं लिहिण्यात अर्थ नाही.

स्वेटरचं कारण त्यांच्याकडं तयार असायचं. "दिवसातून वीस वेळा कोल्ड रूममध्ये जायचं, वीस वेळा बाहेर यायचं. घालकाढ कोण करत बसणार?" हे कारण साफ खोटं होतं. सुट्टीच्या दिवशी बारामतीच्या मंडईत भेंडी निवडतानाही ते स्वेटरमध्येच असत. भाजीवाल्या बायका त्यांना आजारी समजून कोवळी भेंडी स्वतःच निवडून द्यायच्या, आणि सर ती गुपचूप घ्यायचे.

थंडीवर त्यांचा जीव होता. आमच्या कोल्ड रूमचं तापमान चार अंश. चाराचं साडेचार झालं की घरात कुणाला ताप भरल्यासारखे ते अस्वस्थ व्हायचे. फोन उचलला की "हॅलो" म्हणायचे नाहीत, "तापमान?" म्हणायचे. एकदा त्यांच्या सख्ख्या साडूनं मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला फोन केला, तर त्याला आधी तापमान विचारलं. साडू गोंधळून "इथं बरंच ऊन आहे" म्हणाला, आणि सरांचा लग्नातला रस तिथंच संपला.

दुसरं वेड गाण्याचं. "गाण्यात अवकळा पाहिजे" हे त्यांचं पालुपद. आनंद काय, कुणीही देतो, असं ते म्हणत. लग्नाची वरात डीजे दणाणत केंद्रावरून गेली की गेटपाशी उभं राहून मान हलवायचे. "जोर आहे. अवकळा नाही." भक्तिगीतं, भावगीतं, लावण्या, सगळं या एका वाक्यात निकालात निघायचं. पैकीच्या पैकी मार्क त्यांनी माझ्यासमोर एकदाच दिले, ते डेअरीच्या वार्षिक सभेतल्या अध्यक्षांच्या भाषणाला.

या वेडाचं मूळ एका परदेशी माणसात होतं. केंद्राची यंत्रं बसवायला उत्तरेकडच्या कुठल्याशा गार देशातून एक इंजिनिअर आला होता. तो पंधरा दिवस कोल्ड रूममध्ये काम करता करता एकच सीडी लावायचा. जाताना ती विसरून गेला. सरांच्या मते मुद्दाम ठेवून गेला. त्या प्रकाराला ब्लॅक मेटल म्हणतात असं सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. माझे मामा वालचंदनगरला कारखान्यात ओतकामाला होते, त्यामुळं मला वाटलं, लोखंडाची जात असेल.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखी गिटार वाजत असते. ढोल जीव घेऊन पळत असतो. आणि या सगळ्याच्या पलीकडं, लांब, कुणीतरी माणूस घसा फाटेस्तोवर ओरडत असतो. काय ओरडतो ते कळत नाही, कळू नये अशीच व्यवस्था असते. ध्वनिमुद्रण मुद्दाम खराब करतात. आमच्या गावच्या भजनी मंडळाचं ते आपोआप होतं, पण त्याचं कुणाला कौतुक नाही.

"तिकडं सहा सहा महिने सूर्य नीट उगवत नाही," सर सांगायचे. "बर्फ, जंगल, काळोख. त्यातून हे गाणं निघतं."

"आपल्याकडं तर उसाला पाणी अन् डोक्यावर ऊन," मी म्हणायचो. "आपल्याकडून कसं निघणार?"

"निघेल," ते म्हणायचे. "तू थांब."

ते कशावर बोलत होते ते मला एका जानेवारीत कळलं. ऊस तुटून गेल्यावर मागं राहिलेलं पाचट शेतकरी पेटवून देतात. त्या दिवशी शेजारचं रान पेटलं होतं. संध्याकाळच्या सुमाराला जळक्या पाचटाची काळी फुलं वाऱ्यावर तरंगत केंद्राच्या अंगणात पडायला लागली. मागच्या क्वार्टरमध्ये सर आणि वहिनी राहायचे. वहिनी वाळत घातलेल्या चादरी ओढून काढत पाचट पेटवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. सर मात्र हात पसरून अंगणाच्या मधोमध उभे होते आणि माकडटोपीवर काळी राख साचत होती.

"बघ," ते मला म्हणाले. "त्यांच्याकडं पांढरा पडतो. आपल्याकडं काळा."

"त्या काळ्या बर्फाच्या चादरी आता तुम्ही पिळा," वहिनी म्हणाल्या. सरांनी पिळल्या. पण त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःची रेकॉर्ड करायला घेतली.

गिटार त्यांना कुठूनशी जुनी मिळाली होती आणि तिच्या सहातल्या चार तारा शाबूत होत्या. सरांना चारच पुरेशा वाटल्या. ढोलासाठी त्यांनी काटेवाडीतल्या एका नावाजलेल्या हलगीवाल्याला बोलावलं. त्यानं कोल्ड रूमच्या दाराशी बसून जी काही हलगी कडाडवली, ती ऐकून मी टेस्ट ट्यूब खाली ठेवून नाचायच्या बेतात होतो.

"हा लग्नाचा झाला," सर म्हणाले. "मला मयताचा पाहिजे. पण याच्या दुप्पट वेगानं."

हलगीवाल्यानं हलगी मांडीवर आडवी ठेवली. "साहेब, मयताची अशी पळत न्हाय वाजवत. मयत काय पळतंय व्हय?"

सरांनी त्याला तासभर समजावलं. शेवटी त्यानं डोळे मिटून, कुणाची तरी माफी मागितल्यासारखं तोंड करून, पळत्या मयताची वाजवली. वाजवून झाल्यावर कोल्ड रूमच्या उंबऱ्याला हात लावून तो पाया पडला आणि परत कधी आला नाही. त्याची मुलगी आजारी पडली तेव्हा त्यानं त्याचा दोष या वाजवण्याला दिला. पुढं ती बरी झाली, त्याचं श्रेय मात्र त्यानं सरांना दिलं नाही.

ओरडण्याचा सराव कोल्ड रूममध्ये चालायचा. पहिल्याच दिवशी मेकॅनिक ग्रीसगन घेऊन धावत आला. "कंप्रेसरचं बेअरिंग गेलंय! आवाज ऐकला का?" दार उघडलं तर आत दुधाच्या कॅनवर सर बसलेले, स्वेटर, टोपी, समोर वही. मेकॅनिक ग्रीसगन मागं लपवत बाहेर आला. सरांना आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद होती. "बेअरिंगला जमतं ते माणसाला जमलं पाहिजे," असं ते पुढं कितीतरी दिवस म्हणत होते. वहिनी रोज त्यांना ज्येष्ठमधाची काडी आणि हळदीचं दूध द्यायच्या. नवऱ्याचा घसा कशासाठी बसतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, घसा बसलाय एवढं पुरेसं होतं.

ती समोरची वही मी एकदा चोरून वाचली. काळोख, सैतान असलं काही असेल म्हणून उघडली. पहिल्या गाण्याचं नाव "पाचट". दुसऱ्याचं "आवर्तन चुकले", त्यात कालव्याला पाणी न आल्याबद्दल अकरा कडवी. तिसऱ्याच्या पानावर नाव होतं, खाली काहीच नव्हतं. नाव होतं "चार अंश".

रेकॉर्डच्या मुखपृष्ठासाठी फोटो पाहिजे होता. या मंडळींत चेहरा पांढरा रंगवून डोळ्यांभोवती काळं करायची रीत आहे, असं सर म्हणाले. माझ्या बहिणीचं सासर लासुर्ण्याला, दाजींचा ऊस डोक्याच्या वर गेलेला, म्हणून आम्ही एका रविवारी माझ्या मोटारसायकलवर तिकडं गेलो. सरांनी तोंडाला टाल्कम पावडर थापली, डोळ्यांना वहिनींच्या डबीतलं काजळ फासलं, आणि स्वेटर घालून उसात उभे राहिले. दुपारचे बारा. दोन मिनिटांत घामानं काजळ हनुवटीपर्यंत आलं. मी मोबाइल रोखणार, तेवढ्यात सरीतून दाजींची चुलती आली. सत्तरीची, ताठ कण्याची बाई. तिनं सरांना पाहिलं, क्षणभर थांबली, आणि पदर डोक्यावर घेऊन पायांवर डोकं ठेवलं.

"देवा, सकाळधरनं म्हस सापडंना."

मी हसू दाबत होतो. सरांनी मात्र तिच्याकडं फार गंभीरपणे पाहिलं. मी देव नाही, मी शीतकरण केंद्राचा प्रमुख आहे, असं सांगायला हवं होतं. पण समोरच्या माणसाची अडचण दिसली की त्यांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी हात लांब करून कालव्याच्या पाण्याच्या चारीकडं बोट दाखवलं. म्हैस चारीतच निघाली. उन्हाळ्यात म्हैस पाण्यातच असते हे सांगायला देव कशाला लागतो? पण पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा बांधावर सात माणसं बसली होती. एकाची बोअर लागत नव्हती, एकाच्या मुलाचं जमत नव्हतं, एक नुसताच दर्शनाला आला होता. आम्ही मोटारसायकल न थांबवता वालचंदनगरच्या बाजूनं निघून गेलो. शेवटी मुखपृष्ठावर कोल्ड रूमच्या दाराचा फोटो आला, त्यावरच्या "दार बंद ठेवा" या पाटीसकट.

रेकॉर्ड झाली. एकेचाळीस मिनिटं. आणि मग आमचे हाल सुरू झाले.

सरांना नाव नको होतं, टाळ्या नको होत्या. त्यांना एकच पाहिजे होतं. कुणीतरी एका माणसानं ती एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता ऐकावी. एवढंच. पण त्यांची अट अशी, की ऐकायची ती कोल्ड रूममध्ये, चार अंशांवर, कॅनवर बसून. मेकॅनिक सहा मिनिटं टिकला. टँकरचा ड्रायव्हर दुसऱ्या गाण्यात "गाडी न्यूट्रलला हाय का बघून येतो" म्हणून जो गेला तो थेट पुण्याला दूध खाली करून आला. वहिनींना सरांनी विचारलंच नाही. "ती घरचीच आहे," ते म्हणाले, "तिनं तर बनताना ऐकलीय." राहता राहिलो मी.

मी काय काय कारणं सांगितली! सर्दी, कानात दडा, सासऱ्यांचं श्राद्ध. सासरे तेव्हा धडधाकट होते. मी नाही म्हटलं की सर रागवायचे नाहीत, "बरं, उद्या" म्हणायचे, आणि त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. शेवटी त्यांनी अट सैल केली. एक दिवस माझ्या हातावर पेन ड्राइव्ह ठेवला, प्रसाद ठेवावा तसा. "घरी ऐक. खिडक्या बंद कर. पण पूर्ण ऐक. शेवटाशिवाय त्याला अर्थ नाही."

मी तो खिशात घातला आणि त्याच रविवारी लासुर्ण्याला बहिणीकडं गेलो. ज्वारी हुरड्यात आली होती आणि पोपट, चिमण्या, साळुंक्या रानावर तुटून पडल्या होत्या. दाजींनी नवा भोंगा आणला होता. त्याला पेन ड्राइव्ह लावला की तो दिवसभर वाजतो आणि पाखरं हाकलतो. त्यात कुत्र्यांचं भुंकणं भरलेलं होतं, पण पाखरांना ते दोन दिवसांत पाठ झालं होतं.

"दुसरं काय तरी इपरीत पायजे," दाजी म्हणाले.

आता माझ्या खिशात काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी कुणाचं वाईट चिंतून दिलं नाही. विचारच केला नाही. भोंग्यातून पहिली किंकाळी निघाली आणि अख्खं रान काळं होऊन आकाशात उडालं. दाजींनी मला मिठी मारली.

सोमवारी सरांनी विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं सर."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"शेवट कसा वाटला?"

"भयाण, सर," मी म्हणालो. "अंगावर काटा आला."

सरांनी चष्मा काढला. ते नुकतेच कोल्ड रूममधून आले होते, काचांवर वाफ धरली होती. ती त्यांनी स्वेटरच्या टोकानं बराच वेळ पुसली. "अस्सं," म्हणाले, आणि दुधाचे कॅन मोजायला गेले. त्यानंतर त्यांनी मला रेकॉर्डबद्दल कधीही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो.

इकडं भोंग्याची कीर्ती पसरली. लासुर्ण्यातून ती रेकॉर्ड मेमरी कार्डांवरून गावोगाव गेली. इंदापुरातला एक दुकानदार भोंग्याबरोबर आवाज भरून द्यायचा, त्याच्या काउंटरवर यादी लागली: कुत्री, वाघ, फटाके, दूधवाले साहेब. कुठल्याशा कृषी प्रदर्शनात एका तज्ज्ञानं ती "विषमुक्त उपाय" म्हणून व्यासपीठावरून वाजवली आणि पुढच्या रांगेतले पाहुणे उठून गेल्यामुळं परिणामकारकता जागच्या जागी सिद्ध झाली.

मग केंद्रावर दूध घालायला येणारे शेतकरी सरांचं अभिनंदन करायला लागले. "साहेब, तुमचं गानं लई भारी!" सरांचा विश्वास बसेना.

"ऐकता तुम्ही?"

"दिसभर लावतो की. समद्या शिवाराला ऐकू जातंय."

चार दिवस. ते चार दिवस मी विसरू शकत नाही. सरांची चाल बदलली. साडेचार अंशाला त्यांनी मेकॅनिकला फोन केला नाही. "मी म्हणत होतो ना," ते मला म्हणाले, "आपल्या माणसाला वेळ लागतो, पण कळतं. त्याच्या आत आहेच ती अवकळा." मी फॅटच्या नळीकडं बघत "हो सर" म्हणालो. मला सांगता आलं असतं. पण माणसाला खड्ड्यात पडताना बघण्यापेक्षा तो पडेपर्यंत दुसरीकडं बघणं सोपं असतं.

पाचव्या दिवशी एक शेतकरी कॅन उतरवता उतरवता म्हणाला, "साहेब, एक तेवढं करा. मधी एका जागी समदी वाजापं थांबत्यात अन् तुमी बारीक आवाजात काय तरी कण्हता. तेवढ्यात पोपट येत्यात. ती जागा तेवढी भरून काढा."

सरांनी हातातलं रजिस्टर मिटलं. "पोपट," ते म्हणाले.

"व्हय. बाकी एक चिमनी बसत न्हाय, आपन खोटं कशाला बोलू."

सर कोल्ड रूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो. आतून कसलाच आवाज आला नाही. अर्ध्या तासानं बाहेर आले, रजिस्टरवर तापमान लिहिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हणजे पोचतंय कुठंतरी." पेन ड्राइव्ह कुणाकडून बाहेर गेला, हे त्यांनी विचारलं नाही. तो एकानंच घरी नेला होता, विचारायचं काय?

पुढं इंदापूरच्या दुकानदारानं ती संथ जागा आणि शेवट कापून टाकला, ग्राहकांची सोय म्हणून. सरांनी गिटार मेकॅनिकला देऊन टाकली. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि वहिनींसह इंदापूरला आपल्या घरी राहायला गेले. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांच्या स्वेटरवर विनोद केले. मीही केला, आणि माझाच सगळ्यात जास्त गाजला.

या वर्षी ज्वारी भरात असताना मी लासुर्ण्याला गेलो होतो. दाजी तालुक्याला गेलेले, म्हणून दुपारी एकटाच रानात गेलो. माळ्यावर दाजींची चुलती राखणीला बसली होती. तीच, म्हैस हरवलेली. खाली भोंगा वाजत होता, तोच जुना, माझ्याच पेन ड्राइव्हवरचा. दाजींनी कधी दुकानातलं कापलेलं गाणं भरून घेतलं नव्हतं.

"बसा, पावनं," ती म्हणाली. "आत्ताच सुरू झालंय."

उठून जायला जागा नव्हती. एका बाजूला पाट, तिन्ही बाजूंना ज्वारी. मी बसलो. शेजारच्या शिवारात कुणीतरी पाचट पेटवलं होतं, त्याची काळी फुलं पिकल्या कणसांवर येऊन टेकत होती. हलगी पळत होती, गिटार भणभणत होती, आणि लांबवर सर कालव्याच्या पाण्यासाठी ओरडत होते. भर उन्हात मला हिव भरल्यासारखं झालं. इतक्या वर्षांनी, तीस अंशांत, मला कळलं की ते अवकळा कशाला म्हणायचे. मी तिची टिंगल करण्यात दहा वर्षं घालवली होती.

तिसरं गाणं आलं. वाद्यं एकदम थांबली. म्हातारी झटकन खाली उतरली आणि तिनं भोंगा बारीक केला. त्या तिसऱ्या, वहीत कोऱ्या असलेल्या पानावरून सरांचा एकट्याचा आवाज येत होता. शब्द नव्हतेच. पोपटांचा एक थवा आला आणि कणसांवर बसला. म्हातारीनं गोफण उचलली नाही.

"पोपट बसले की, मावशी," मी म्हणालो.

"खाऊ द्यात दोन कणसं. मानूस रडत आसताना मोठ्यांदा लावू न्हाय. गावाला कशाला ऐकवायचं?"

ती जागा संपली, तिनं भोंगा मोठा केला, पोपट उडाले. मग चौथं, मग पाचवं गाणं. शेवटी सगळा गोंगाट एकदम तुटला. शांत झालं. मला वाटलं संपलं. तर त्या शांततेत, लांबून, स्वयंपाकघरातून यावी तशी वहिनींची हाक आली: "अहो, चहा झालाय. गार होतोय." थोडा वेळ भांड्याचा आवाज. परत: "अहो, गार होतोय ना." आणि रेकॉर्ड संपली.

भयाण, सर. अंगावर काटा आला. माझ्या त्या उत्तरावर सर चष्मा का पुसत बसले होते ते मला तेव्हा उमगलं, आणि लाजेनं मान वर करवेना.

"आता चार वाजलं," म्हातारी म्हणाली. "तिनं हाक मारली की मी बी चा ठेवती." माळ्याखाली तीन दगडांची चूल होती. तिनं भोंगा बंद केला आणि काटक्या सारल्या. "पर एक सांगा. रोज ती बिचारी हाक मारती, अन् ह्यो बाबा काय उठत न्हाय. कोन हाय ह्यो?"

मी फोन काढला. सरांचा नंबर होता, इतक्या वर्षांत लावला नव्हता. तिला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"तापमान?" सर म्हणाले.

"सर, मी. केंद्रातला." मी फोन जवळ धरला. "मी ऐकली. आज. पूर्ण. मागं खोटं बोललो होतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "भयाण म्हणाला होतास."

तेवढ्यात म्हातारीनं फोन माझ्या हातातून घेतला. "त्योच हाय व्हय? अवो, मी लासुर्न्यातनं बोलती. तुमचं गानं मी रोज तीन येळा ऐकती."

"पाखरांसाठी," सर म्हणाले.

"लावती पाखरांसाठी. ऐकती मीच. पाखरं कुठं ऐकत्यात? ती उडून जात्यात."

मग सरांनी हळू विचारलं, "शेवटपर्यंत?"

"मग? तुमी मधी रडता तितं बारीक करती तेवढी."

"त्याला रडणं म्हणत नाहीत, आजी. त्या गाण्याची ती एक पद्धत असते."

"आसंल. आमच्यात रडनंच म्हनत्यात."

सरांनी वाद घातला नाही.

"अन् हे बघा," म्हातारीचा आवाज चढला, "ती बाई एवढी हाका मारती, चा गार हुतोय म्हनती, अन् तुमी हूं न्हाय का चूं न्हाय. हे बरं दिसतं व्हय? रोज मला वाटतं आज तरी उठंल, आज तरी उठंल!"

फोनच्या पलीकडं कुठंतरी कपबशी वाजली. मग आम्ही दोघांनी ऐकलं, रेकॉर्डमधल्यापेक्षा जरा थकलेला, पण तोच आवाज: "अहो, चहा झालाय. गार होतोय."

म्हातारीनं फोन कानाजवळ नेला.

"आलो गं," सर म्हणाले. "आलो, आलो." आणि फोन बंद झाला.

"उठला बाई एकदाचा," म्हातारी म्हणाली. फोन माझ्या हातात देऊन ती चुलीपाशी वाकली. भोंगा बंद होता आणि पोपट अर्ध्या रानावर उतरले होते, पण तिनं आधी आपल्या चहाखाली जाळ केला.